गिटार की युकुलेले? बैठकीपुरतं वाजवायचं असेल तर

मित्रमंडळींत बसून चार गाणी वाजवता यावीत, एवढीच हौस असलेल्यांचं मन दुकानात युकुलेले (गिटारसारखं, पण छोटं, चार तारांचं वाद्य) दिसलं की डळमळतं. माझ्याकडे आधी युकुलेले आलं, मग गिटार.

सुरुवातीला युकुलेलेला तोड नाही, हे मान्यच. सी आणि ए मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एका बोटात, एफ दोन बोटांत. नायलॉनच्या तारांनी बोटं सोलवटत नाहीत. एसटीत मांडीवर मावतं. गिटारवर तोच एफ घाम काढतो: तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची, तरी एखाद-दुसरी तार मुकीच. (पळवाट आहे. एफ मेजर सेव्हन धरा, सर्वांत बारीक तार मोकळी सोडा. गाणाऱ्यांना पत्ता लागत नाही.)

पण युकुलेलेला खर्ज नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं. नेहमीच्या जी-सी-ई-ए जुळणीत त्याचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे पियानोचा मधला सी. पुरुषमंडळी काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गायला लागली की त्यांचा सा सगळ्या तारांच्या खाली राहतो. कोजागरीला गच्चीवर दहाजण टाळ्या वाजवत गात होते, त्यात माझी नुसती चिकचिक ऐकू येत होती. अंतरा संपवून ध्रुवपदावर येईपर्यंत मंडळी पट्टीतून खाली घसरलेली, मी आपला वरच. त्यांचा तरी काय दोष? आवाज टेकवायला खाली काही नव्हतंच. नंतर खालच्या जी ची जाड तार बसवून पाहिली. थोडा भार आला, पण गिटारची जाड ई घुमते तशी ती घुमत नाही.

गिटारवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी लावा. सी च्या आकारांत, म्हणजे सी पट्टीतल्या कॉर्डसाठी बोटं ठेवतो तशी ठेवून वाजवलं की काळी एक, जी च्या आकारांत काळी चार. बाप्ये आणि बाया, दोघांचीही सोय बहुतेक वेळा कॅपो न हलवता होते. त्रास आहेच: सुरुवातीचे काही आठवडे बोटांची आग होते, आणि पावसाळ्यात स्टीलच्या तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायच्या. मला हा त्रास चालला. तुम्हाला चालेलच असं नाही.

लहान मुलासाठी किंवा एकट्यानं गुणगुणायला मी युकुलेलेच सुचवेन. शिकलेलं वायाही जात नाही. गिटारच्या जाड दोन तारा सोडल्या तर उरलेल्या चारांवर तेच आकार चालतात, फक्त नावं बदलतात. युकुलेलेचा एफ तिथे सी होतो.

गिटार घ्यायचं ठरलं, तर स्वस्तातली घेताना पहिल्या फ्रेटवर तार दाबून बघा. तिथेच जोर लागला तर तारा उंच बसवल्यात. दुकानदाराकडून त्या खाली करून घ्या, मगच पैसे द्या.