ट्रोपोनिन की सीके-एमबी: छातीत दुखतंय तेव्हा कोणती तपासणी?

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, तर सीके-एमबी हा सीके या स्नायूंतल्या एन्झाइमचा एक प्रकार; हृदयाला इजा झाली की दोन्ही रक्तात वाढतात. पण आधी ईसीजी, तोही रुग्ण पोहोचल्यापासून 10 मिनिटांत. त्यात एसटी हा आलेखाचा भाग उंचावलेला दिसला (मोठ्या अटॅकची खूण), तर रक्ताच्या रिपोर्टसाठी एक मिनिटही थांबू नका. ईसीजीवरून निर्णय होत नाही तेव्हा रक्ततपासणी कामाला येते, आणि तेव्हा हाय-सेन्सिटिव्हिटी (अगदी थोडं प्रमाणही पकडणारी) ट्रोपोनिनच करून घ्यावी.

ट्रोपोनिन 1 ते 3 तासांत वाढू लागतं. आय प्रकार 7 ते 10 दिवस, टी प्रकार 10 ते 14 दिवस रक्तात राहतो, त्यामुळे दुखणं अंगावर काढून चार दिवसांनी आलेला माणूसही सुटत नाही. सीके-एमबी 4 ते 6 तासांनी चढते आणि 48 ते 72 तासांत उतरते. मायोग्लोबिन हे स्नायूंतलं आणखी एक प्रथिन लवकर वाढतं खरं, पण ते कुठल्याही स्नायूतून येतं, म्हणून मागे पडलं.

सीके-एमबीची मोठी अडचण म्हणजे ती हाता-पायांच्या स्नायूंतही थोडी असते. जोरात पडणं, फिट येणं, एवढ्यानंही ती वाढते. शिवाय तिच्यात एम आणि बी अशा दोन साखळ्या असतात; अनेक लॅबमध्ये अँटिबॉडीने एम साखळी बंद करून उरलेली बी मोजतात आणि आकडा दुप्पट करतात. रक्तात मॅक्रो-सीके (चिकटून मोठा झालेला सीकेचा रेणू) असेल तर सीके-एमबी चक्क एकूण सीकेपेक्षा जास्त येते. असा रिपोर्ट हाती आला तर तो हृदयाचा नाही, पद्धतीचा दोष समजा. दुसरा अटॅक ओळखायला सीके-एमबीच हवी, हा समजही आता जुना झाला. 3 ते 6 तासांनी ट्रोपोनिन पुन्हा करून 20 टक्क्यांहून जास्त वाढ दिसली की तेवढं पुरतं.

मात्र ट्रोपोनिन इजा सांगतं, कारण सांगत नाही. एका प्रचलित टी तपासणीत सामान्य मर्यादा 14 नॅनोग्रॅम प्रति लिटर. डायलिसिसवरच्या रुग्णाचा आकडा 45 आणि तीन तासांनी 46 आला, तर ती बहुधा जुनी, संथ इजा. दुसऱ्याचा 18 वरून 41 झाला, तर ती ताजी. ताज्या इजेलाही अटॅकशिवाय कारणं असतात: मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूचा दाह), फुप्फुसातली गुठळी, सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणं), फार वेगाने चालणारं हृदय, तीव्र रक्तक्षय. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये, आणि दुखणं सुरू होऊन तीन तासही झाले नसतील तर पहिल्या नॉर्मल रिपोर्टवर कुणाला घरी पाठवू नये.

आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर नमुना तपासा. अर्धवट गोठलेल्या सीरममधला फायब्रिनचा (रक्ताच्या गुठळीतल्या प्रथिनाचा) धागा खोटी वाढ दाखवतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे काही किटवर आकडा खोटा कमी येतो; गोळ्या चालू आहेत का, हे रक्त घेतानाच विचारावं.

दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये द्या. आय आणि टीचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत, आणि एककही बघा: 0.04 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच 40 नॅनोग्रॅम प्रति लिटर.