कॅराव्हॅनसाठी बॅटरी कट-ऑफ: नाइफ, रोटरी की रिमोट?

दिवे-पंखे बंद करून कॅराव्हॅन उभी केली, तरी गॅस-गळतीचा अलार्म, स्टिरिओची मेमरी, फ्रिजचा कंट्रोल बोर्ड वीज खातच राहतात. सगळं मिळून पाव अँपिअर धरा: दिवसाला 6 अँपिअर-तास. म्हणजे 100 अँपिअर-तासांची बॅटरी आठेक दिवसांत निम्म्यावर. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार त्याखाली उतरली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. त्यामुळे बॅटरीचा पुरवठा पूर्ण तोडणारा कट-ऑफ स्विच हवाच. प्रश्न फक्त कोणता.

नाइफ स्विच, म्हणजे उघड्या पात्याचा खटका, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर बसतो. नवी केबल नको, पाना असला की झालं. पण त्याचा धातू उघडा असतो. पॉझिटिव्हला लावला आणि पाना चुकून चासीला टेकला, तर थेट शॉर्ट. म्हणून तो निगेटिव्हलाच लावा आणि बॅटरीची प्रत्येक निगेटिव्ह वायर त्यातूनच जाते ना, ते बघा (शेवटी सांगितलेल्या ब्रेकअवे आणि सोलरच्या वायरी सोडून). दरवेळी बॅटरीचा डबा उघडावा लागतो. गाडी क्वचितच बंद ठेवणाऱ्याला तेवढं चालतं.

माझी पसंती रोटरीला, म्हणजे मूठ फिरवून चालू-बंद होणाऱ्या स्विचला. पॉझिटिव्ह केबलवर, बॅटरीजवळच्या फ्यूजच्या पुढे, आणि दाराबाहेरून हात पोचेल अशा जागी. रेटिंग मात्र सलग प्रवाहाचं बघा. काही सेकंदांपुरता दिलेला मोठा आकडा कामाचा नाही. 12 व्होल्टवर 2000 वॉटचा इन्व्हर्टर 170 अँपिअरच्या वरच ओढतो, तिथे 100 अँपिअरचा स्विच तापून वितळू शकतो. केबलही तेवढीच जाड हवी आणि लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) नीट क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून घट्ट बसवलेले हवेत; ढिल्या लगनं चांगला स्विचसुद्धा तापतो.

बॅटरी अडचणीच्या जागी असेल तरच रिमोट, म्हणजे लांबून बटणानं चालणारा स्विच. तोही लॅचिंग रिले (एकदा बदलला की वीज न घेता त्याच स्थितीत राहणारा विद्युत खटका) असलेला, कारण साधा रिले चालू राहण्यासाठी सतत वीज घेतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ओढून न्यायच्या कॅराव्हॅनमध्ये ब्रेकअवे ब्रेकची (कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीपासून सुटली तर आपोआप लागणाऱ्या ब्रेकची) वायर कट-ऑफच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्या. सोलर कंट्रोलरही (पॅनेलमधून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) बॅटरीच्याच बाजूला, स्वतःच्या फ्यूजसह जोडा. पॅनेल चालू असताना बॅटरीचं कनेक्शन तुटलं तर काही कंट्रोलर जळतात. काम झालं की स्विच बंद करून ब्रेकअवेची पिन क्षणभर ओढा. ब्रेक लागलेच पाहिजेत. नाही लागले, तर वायरिंग दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.