गरम शिशावर नख चालतं, एवढ्यावर फसू नका

आमच्या अण्णांचं सगळं आयुष्य नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर मासेमारीत गेलं. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून होडीत बसणं थांबलं, पण फेकायची जाळी विणणं सुटलेलं नाही. उन्हाळाभर ते ओट्यावर बसून जाळी विणतात. सातपूरची शिफ्ट संपली की मी शिसं वितळवून जाळ्याच्या घेराला लागणाऱ्या गोळ्या ओततो. घरची तीन-चार आणि ओळखीतल्यांची पाच-सहा अशी जाळी पावसाच्या आधी तयार करायची असतात. एका जाळ्याला साधारण चार किलो शिसं लागतं.

हे शिसं मऊच हवं, नखाने रेघ उमटेल इतकं. गोळीच्या खाचेत दोरी बसवायची आणि पक्कडीने एकदाच दाबायचं. मऊ शिसं दोरीला असं बिलगतं की वर्षानुवर्षं हलत नाही. कडक शिसं दाबलं की एक तर तडकतं, नाहीतर दाबल्यासारखं वाटतं आणि पुन्हा उघडतं. मग हातोडीने ठोकावं लागतं आणि त्यात नायलॉनची दोरी कापली जाते.

यंदा नेहमीच्या माणसाकडे माल नव्हता, म्हणून नाशिकच्याच द्वारका चौकापुढे एका भंगारवाल्याकडे गेलो. दुकानात लगडी रचून ठेवल्या होत्या. "एकदम सॉफ्ट, केबलचं शिसं," तो म्हणाला. मी म्हटलं, "शेठ, तपासून घेणार." तो अजिबात कुरकुरला नाही, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. "घ्या ना दादा, तुमच्यासमोर वितळवतो." त्याने एका लगडीचा तुकडा तोडला, पळीत वितळवला, लोखंडी पत्र्यावर ओतला आणि उचलता येण्याइतका घट्ट झाल्यावर माझ्यापुढे सरकवला. "लावा नख." मी फडक्याने धरून नख ओढलं, तर चकचकीत रेघ उमटली. लगडीचा तुकडा, माझ्या डोळ्यांदेखत वितळवलेला, माझंच नख! आणखी काय पुरावा हवा? किलोला २१० रुपये दराने ४० किलो घेतलं, ८,४०० रुपये रोख दिले. पावती म्हणून वहीच्या पानावर वजन आणि रक्कम लिहून मिळाली. 'मऊ' हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

गोळ्या ओतल्या त्या दिवशी काही जाणवलं नाही. आठवड्याने अण्णा पहिलं जाळं घेऊन बसले आणि पक्कड दाबता दाबता थांबले. "हे शिसं नाही रे," एवढंच म्हणाले. तरी मी हट्टाने तीन जाळी पूर्ण करून दिली. त्यातल्या दोन जाळ्यांच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात सरकल्या. घेर जिथे हलका झाला तिथे जाळं तळाला टेकेना आणि खालून मासे निघून गेले. ज्यांची जाळी होती त्यांचा त्या आठवड्याचा बाजार बुडाला. पैशापेक्षा हे मला जास्त लागलं.

मग मी नीट तपासायला बसलो. अण्णांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या जाळ्यातल्या गोळ्या घरात होत्या. ते खात्रीचं मऊ शिसं, म्हणून ताडून बघायला तेच घेतलं. तांबट आळीतल्या एका जुन्या ओळखीच्या काकांनी दोन्ही तुकडे नुसते फरशीवर टाकले. जुना 'थप्' करून पडला, नवा टणकन वाजला. "मऊ शिशाला आवाज नसतो," ते म्हणाले.

माझं तेवढ्यावर समाधान झालं नाही. चित्रकलेच्या पेन्सिलींचा संच आणला. त्यात ५बी खूप मऊ, एचबी तिच्याहून बरीच कडक. लाकूड तासून शिस उघडी केली, टोक सँडपेपरवर सपाट घासलं आणि पेन्सिल तिरकी धरून पुढे रेटली. जुन्या शिशाला ५बी पेन्सिलने ओरखडा पडला. नव्याला एचबीपर्यंत काहीच होईना, नुसतं काळं होत होतं. नंतर कारखान्यातल्या व्हाइसमध्ये दोन्ही सपाट तुकड्यांच्या मध्ये १० मिलिमीटरचा बेअरिंगचा छर्रा ठेवून आवळला. दाब दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे खड्डे बोलतात: जुन्यावर ४.६ मिलिमीटर रुंद, नव्यावर ३. अशा खड्ड्यावरून धातूचा कडकपणा मोजतात, त्या मापाला ब्रिनेल कठीणता म्हणतात. शुद्ध शिशाची ती ५च्या आसपास असते. खड्ड्यांच्या हिशोबाने नवं शिसं १२च्या घरात गेलं. म्हणजे जवळपास अडीचपट कडक. बॅटरीच्या पाट्यांसाठी शिशात ते कडक करायला अँटिमनी नावाचा धातू मिसळतात, त्या शिशाची ही लक्षणं आहेत.

पाण्यात बुडवून घनतेची परीक्षाही केली, पण तिच्या भरवशावर राहू नका. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, अँटिमनीची ६.७च्या जवळ, तरी मिसळ चार टक्के असेल तर अर्ध्या किलोच्या तुकड्याच्या पाण्यातल्या वजनात फरक पडतो जेमतेम सव्वा ग्रॅमचा. घरचा काटा तिथे तोकडा पडतो.

मग दुकानात नख कसं चाललं? त्याचंही उत्तर मिळालं. त्याच लगडीचा तुकडा घरी वितळवून ओतला. पाच मिनिटांनी नख लावलं, रेघ उठली! दुसऱ्या दिवशी जोर लावावा लागला. आठव्या दिवशी नखच झिजलं. अँटिमनीचं शिसं ऊन असताना मऊ लागतं आणि थंड झाल्यावरही पुढे कित्येक दिवस आतून कडक होत राहतं. शुद्ध शिसं तसं होत नाही. त्यात मी गोळ्या साच्यातून काढल्या की थेट पाण्याच्या बादलीत टाकायचो. असं शिसं एकदम गार केलं तर आणखीच कडक होतं, आणि गरम शिशाजवळ पाणी ठेवणं धोक्याचं ते वेगळंच. धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं मी मानत नाही. पळीतला तुकडा गरम असतानाच हातात देण्यामागे हेच होतं.

परत गेलो तर शेठचं उत्तर तयार होतं: "तुमच्या भांड्यात काहीतरी मिसळलं असेल." पैसे मिळाले नाहीत. बदली माल देतो म्हणाला आणि पुन्हा पळी पेटवायला निघाला. मी हात जोडून बाहेर पडलो.

एक गोष्ट मात्र अजून झोप उडवते. बॅटरीच्या शिशात आर्सेनिकही असू शकतं. असं शिसं वितळवताना वर जमणारी मळी ओली झाली तर विषारी वायू सुटू शकतो, आणि मी ती मळी मोरीशेजारी टाकत होतो, जिथे माझी मुलगी खेळते. मुलांच्या शरीरात शिसं किती गेलेलं चालतं, याची सुरक्षित अशी मर्यादाच नाही. आता घराजवळ ओतणं पूर्ण बंद आहे. कामाचे कपडे वेगळे धुतो, तिच्या रक्ताची तपासणीही करून घेतली.

उरलेलं शिसं पोत्यात बांधून त्यावर लाल रंगाने 'कडक, जाळ्याला नाही' असं लिहून ठेवलंय. ज्यांची जाळी बिघडली त्यांना नवीन गोळ्या लावून द्यायच्या आहेत. त्यासाठी दुसऱ्या दुकानातून फक्त पाव किलोचा तुकडा पैसे देऊन आणलाय. तो वितळवून ओतला, छिन्नीने तारीख कोरली आणि फळीवर ठेवलाय. गुरुवारी आठ दिवस पूर्ण होतील. त्या दिवशी अण्णा नख लावतील, आणि रेघ उठली तरच मी बाकीचा माल उचलेन.