अहवाल खरा, दगडही खरा

संगमरवराच्या खाणीत भागीदारी घ्यायच्या विचारात असलेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे पैसे बुडाले आहेत.

भागीदारी विकणाऱ्यांनी मला तीन गोष्टी दाखवल्या: आरशासारखी घासलेली पांढरीशुभ्र लादी, नावाजलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल आणि साठ्याचा डोळे दिपवणारा आकडा. अहवालात घनता २.७१, पाणी शोषण ०.१ टक्का. एएसटीएम सी ५०३ या मानकात इमारतीच्या संगमरवराला ०.२० टक्क्यांपर्यंत शोषण चालतं, म्हणजे दगड पास. तळाशी बारीक अक्षरात ‘निष्कर्ष केवळ मिळालेल्या नमुन्यापुरते’ असंही होतं. ते मी वाचलं आणि पान उलटलं. प्रयोगशाळेनं काहीच खोटं केलं नाही. आलेला दगड तपासला, एवढंच. तो कुठल्या डोंगराचा, हे मीही विचारलं नाही.

खाणीवर गेलो तेव्हा दर्शनी कटाव धुऊन ठेवला होता. ओला दगड एकसंध दिसतो. तो सुकायला लागला की भेगा ओल धरून ठेवतात आणि काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. पण सुकेपर्यंत आम्ही थांबलोच नाही, त्यांना परतायची भलतीच घाई होती. नंतर एकटा गेलो तेव्हा त्याच कटावावर वीतभर अंतराने आडव्या-तिडव्या भेगा मोजल्या. असल्या दगडातून ब्लॉक निघत नाही, खडी निघते.

ड्रिल करून जमिनीतून काढलेल्या दगडाच्या नळकांड्यांना कोअर म्हणतात. ती ठेवलेल्या पेट्यांमध्ये खोलीच्या लाकडी खुणा असतात. एका पेटीत १२ मीटरची खूण, पुढची १५ ची, आणि मधे जेमतेम मीटरभर दगड. उरलेला चुरा होऊन गेला होता. दगड किती सलग आहे हे सांगणारा आरक्यूडी काढताना १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज ड्रिल केलेल्या पूर्ण लांबीने भागतात. यांनी भागली होती पेटीत उरलेल्या दगडाच्या लांबीने! आकडा उत्तम आला यात नवल नाही. साठाही तसाच: क्षेत्रफळ गुणिले खोली गुणिले घनता. त्यातून विकण्याजोगे ब्लॉक किती टक्के निघतील, हा रकानाच नव्हता.

खरी मेख पुढे होती. “ब्लॉक नाही निघाले तर पावडर आहेच की, रंगाला जाईल, सिमेंटला जाईल,” असं मला सांगितलं होतं. मी त्यांच्या लादीच्या तुकड्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. फस्सकन फेस आला. खाणीतल्या दगडावर टाकला, काहीच नाही. चाकूनं खरवडून भुकटी केली तेव्हा कुठे हलके बुडबुडे दिसले. म्हणजे डोलोमाइट, कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम असलेला दगड. मग ताणकाट्यावर तुकडा आधी हवेत, मग बादलीभर पाण्यात बुडवून तोलला. घनता २.८५ च्या आसपास. आम्लानं फेसाळणाऱ्या कॅल्साइटची असते २.७१, जी अहवालात छापली होती. एका बादलीत कळण्यासारखी गोष्ट मला वर्षभर कळली नाही.

डोलोमाइट म्हणजे टाकाऊ दगड नव्हे, काचेला आणि पोलादाच्या भट्टीला तो लागतो. पण सिमेंटवाले मॅग्नेशियाला, म्हणजे मॅग्नेशियमच्या ऑक्साइडला घाबरतात, कारण जास्तीचा मॅग्नेशिया काँक्रीट घट्ट झाल्यावर फुगतो आणि तडे पाडतो. आमच्या दगडात भरीला क्वार्ट्झचे कठीण दाणे होते, त्यामुळे दळणाऱ्या यंत्राची झीज. शिवाय ट्रेमोलाइटच्या सुया. हे खनिज तंतुमय निघालं तर फुप्फुसांना घातक अशा ॲस्बेस्टॉसमध्ये मोडतं. पावडर घेणाऱ्यानं तेवढा शब्द ऐकला आणि फोन ठेवला.

नमुना घ्यायला स्वतः जा. त्यांनी दाखवलेल्या जागेवरून नको, खाणभर ठरावीक अंतरावर, वरचा झिजलेला थर काढून. पिशवीला सील तुमचं, प्रयोगशाळेत पोचवणारेही तुम्हीच.

वकिलाकडे गेलो होतो. त्यांनी करारातलं एक कलम दाखवलं: ‘खरेदीदाराने दगडाची प्रत स्वतः तपासून खात्री करून घेतली आहे.’ खाली सही माझीच.