टेबलांची यादी दाखवली म्हणजे डेटा मिळाला नव्हे!

वीज गेली, यूपीएसने दगा दिला आणि दुकानाच्या बिलिंगचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर, मायएसक्यूएल ५.७, सुरूच होईना. एरर लॉगमध्ये पेज करप्शन, म्हणजे डेटाची पानंच बिघडलेली. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणाची, ११ तारीख तोंडावर असताना कोणीही डेटा परत काढून देणाऱ्या रिकव्हरीवाल्याकडेच धावेल. तपासणीचे २,५०० रुपये, सापडलेल्या डेटाची झलक, म्हणजे प्रीव्ह्यू, दाखवून १६,०००, शेवटी डेटाच्या झिप फाइलच्या पासवर्डचे २२,०००. एकूण ४०,५०० रुपये घेतले आणि हातात दिली रिकामी टेबलं!

सगळी खोट त्या प्रीव्ह्यूत होती, हे आठवलं की अजून जीव जळतो. आमच्याच टेबलांची नावं, आमचेच कॉलम. अहो, टेबलाचं नाव म्हणजे त्याचा डेटा ठेवणाऱ्या आयबीडी फाइलचंच नाव, आणि कॉलम निघतात टेबलाचा नुसता आराखडा असलेल्या एफआरएम फाइलमधून. डेटाचं एक पानही न वाचता ही यादी तयार होते. बिलाची एक ओळ त्यात नव्हती. २.३ जीबी डेटाची झिप होती ३८ केबीची! म्हणून पैसे देण्याआधी एखाद्या जुन्या बिलाचा नंबर सांगा आणि त्याच्या सगळ्या ओळी समोर काढून मागा.

त्याहून मोठा गुन्हा म्हणजे नक्कल न काढता रिकव्हरीवाल्यांनी मूळ डिस्कवरच काम केलं. बिघडलेला सर्व्हर जबरदस्तीने सुरू करायची सेटिंग, इनोडीबी फोर्स रिकव्हरी (पायऱ्या १ ते ६), थेट ६ वर, आणि आयबी-लॉगफाइल या लॉगच्या फाइली दोन्ही उडवलेल्या. डेटा फाइलींमध्ये न उतरलेले शेवटचे व्यवहार त्या लॉगमध्येच असतात. सर्व्हिस बंद करून अख्खं डेटा फोल्डर, आयबीडेटा ही सामाईक डेटा फाइल आणि लॉगसकट, दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं. त्या नकलेवर फोर्स रिकव्हरीची १ पासून एकेक पायरी चढायची आणि सर्व्हर उठला की लगेच एकेक टेबल डंप करायचं, म्हणजे वेगळ्या फाइलीत उतरवून घ्यायचं. ४ पासून पुढे फाइली कायमच्या बिघडू शकतात. मूळ डिस्क कुणालाही देऊ नका.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, 'दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.' १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पण बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. आम्हीच पाठवले, पण खोटा प्रीव्ह्यू दाखवून घेतले ना! ही फसवणूक नाही तर काय? न्याय संहितेचं कलम ३१८ आहे कशाला? सायबर सेलने तर एरर लॉग पाहायलाही नकार दिला, स्क्रीनशॉटची प्रिंट आणा म्हणे. डेटाबेस म्हणजे काय हे समजावण्यातच तिथे वेळ जातो आणि समोरचा दुसरं गिऱ्हाईक गाठतो.

पावतीवर 'डेटा रिकव्हरी' एवढंच लिहून देत असतील तर घेऊ नका. किती टेबलं, किती ओळी, आणि ओळी न मिळाल्यास पैसे परत, हे लिहून घ्या.