कोऱ्या कागदावरची सही आणि अडकलेलं नाव

फोन आला तेव्हा मी कराडला गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीच्या एचआरमधली मुलगी बोलत होती. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम, मटेरियल इंजिनिअरची, म्हणजे रस्त्यात पडणाऱ्या मालाची गुणवत्ता तपासणाऱ्याची जागा, पगार बरा. दोन दिवसांपूर्वीच सगळं बोलणं झालं होतं, फक्त टीममध्ये नाव घ्यायचं बाकी होतं. ती म्हणाली, "सर, तुम्ही तर ऑलरेडी दुसऱ्या कंपनीच्या टीममध्ये दिसताय. आम्हाला घेता येत नाहीये तुम्हाला."

पाच महिने मी घरी बसून होतो. एकाही कंपनीच्या पगारपत्रकावर माझं नाव नव्हतं.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. राष्ट्रीय महामार्गाचं काम ठेकेदार करतो आणि त्याच्यावर सरकारच्या वतीने लक्ष ठेवायला कन्सल्टन्सी नेमतात. ईपीसीच्या, म्हणजे सरकारच्या पैशाने बांधायच्या कामावर तिला ऑथॉरिटी इंजिनिअर (एई) म्हणतात, आणि बीओटी किंवा हॅमच्या, म्हणजे ठेकेदारही पैसा घालतो अशा कामावर इंडिपेंडंट इंजिनिअर. टीम लीडर, ब्रिज इंजिनिअर, मटेरियल इंजिनिअर ही माणसं कंपनीला टेंडर भरतानाच नावानिशी दाखवावी लागतात. त्यांच्या सीव्हीला गुण मिळतात आणि ते धरून कंपनीचं तांत्रिक मूल्यमापन होतं. रस्ते वाहतूक मंत्रालयाचं इन्फ्राकॉन नावाचं पोर्टल २०१६ मध्ये आलं. आपण आधार जोडून तिथे आपली माहिती भरायची. कंपनी तिथूनच टीम बांधते आणि त्या टीमचा नंबर टेंडरला लावते. एकाच माणसाचं नाव चार कंपन्यांनी चार ठिकाणी मिरवू नये, म्हणून ही सोय. कुलूप चांगलंच आहे. किल्ली मी स्वतःच्या हाताने दिली.

आमची नोकरी सरकारी कामावरची, पण आम्ही सरकारी नाही. काम संपलं की डीमोब, म्हणजे कामावरून मोकळं. मला दिवाळीच्या तोंडावर डीमोब केलं आणि त्यानंतर माझी सकाळ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर सुरू व्हायची. 'अर्जंट रिक्वायरमेंट, मटेरियल इंजिनिअर, एई प्रोजेक्ट, अप्रूव्हल गॅरंटीड.' असे मेसेज रोज पाच-सहा. त्यातल्या एकाला मी फोन लावला.

माणूस मराठीत बोलणारा, आवाज आदबशीर. त्याने माझा सीव्ही मागवून घेतला आणि तासाभरात उलट फोन केला. "साहेब, राग मानू नका, पण हा सीव्ही प्रायव्हेट बिल्डरकडे चालेल. सरकारी टेंडरमध्ये सीव्ही कोणी वाचत नाही, तपासतात." आणि मग त्याने माझ्याच सीव्हीची चिरफाड केली. मी लिहिलं होतं, 'रस्त्याच्या कामावर गुणवत्ता नियंत्रणाची जबाबदारी सांभाळली.' तो म्हणाला, कुठला रस्ता? कुठल्या किलोमीटरपासून कुठल्यापर्यंत? दोन पदरी की चार? डांबरी की काँक्रीट? क्लायंट कोण, कामाची किंमत किती, तुमचं पद काय, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत? निकषात 'चौपदरी कामावर अमुक वर्षं त्याच पदावर' असं असेल, तर तपासणारा माणूस ती वर्षं तुमच्या सीव्हीत बोटाने मोजतो. सापडली नाहीत तर शून्य.

यातला शब्दन् शब्द खरा होता. मी तिथेच फसलो. अडाण्यासारखं बोलणाऱ्याला मी पाच मिनिटांत वाटेला लावला असता. हा मला माझाच धंदा माझ्यापेक्षा बरा समजावून सांगत होता.

सीव्ही करायचे आठ हजार. ते दिले. मग 'अप्रूव्हलचे', म्हणजे सीव्ही मंजूर करून द्यायचे वीस हजार, दोन हप्त्यांत. मग इन्फ्राकॉनचं लॉगिन, "प्रोफाइल अपडेट करायला लागेल ना साहेब." ओटीपी आला, सांगितला. दुसरा आला, तोही सांगितला. शेवटी त्याने सहा अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्रं पाठवली. सीव्हीच्या खाली असतं तेच: वरील माहिती खरी आहे, या प्रकल्पासाठी मी संपूर्ण मुदतीत उपलब्ध राहीन. प्रकल्पाच्या नावाची जागा कोरी, कंपनीच्या नावाची कोरी, तारखेची कोरी. "कुठलं काम आधी लागेल सांगता येत नाही, म्हणून." मी निळ्या शाईने प्रत्येक पानावर सही केली, स्कॅन केली, मूळ कागद कुरिअरने पाठवले. कुरिअरचे एकशे दहा रुपयेही माझेच.

तयार झालेला सीव्ही आला तेव्हा फोटोत माझ्या गळ्यात टाय होता. माझ्या लग्नातही मी टाय घातला नव्हता. त्यावर बायको आणि मी हसलो. हसता हसता तिसऱ्या पानावर आलो आणि थांबलो. समृद्धी महामार्गाच्या एका पॅकेजवर मी बावीस महिने मटेरियल इंजिनिअर होतो, असं तिथे लिहिलं होतं. त्या बावीस महिन्यांतले चौदा मी सोलापूर जिल्ह्यात डांबराच्या प्लँटवर मार्शलचे, म्हणजे डांबरी मिश्रणाच्या ताकदीच्या चाचणीचे नमुने काढत होतो. समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा, आणि पीक्यूसी, म्हणजे रस्त्याचा वरचा काँक्रीटचा थर, मी तोवर दुसऱ्याच्या साइटवर उभा राहून पाहिलेला.

फोन केला. तो म्हणाला, "साहेब, सगळेच असं करतात. तुमचे दोन वर्षं कमी पडत होते."

इथे मला गप्प बसायला नको होतं. मी बसलो. पाच महिन्यांचा ईएमआय, मुलीची अकरावीची फी, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. म्हणून हा अनुभव लिहिताना 'मला फसवलं' एवढंच म्हणून मोकळं होता येत नाही. टायपर्यंत मला फसवलं होतं. त्यापुढे मी सामील होतो.

त्यानंतर तो फोन उचलेना. मग पुण्याच्या त्या मुलीचा फोन आला आणि घोळ कळला. माझं नाव एका कंपनीच्या टीममध्ये होतं. त्या टीमवर टेंडर भरलेलं होतं आणि निकाल लागायचा होता. त्या कंपनीला मी कधी भेटलोही नव्हतो. ऑफिसचा नंबर शोधून फोन केला तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "तुमचा सीव्ही आम्हाला एजंटकडून आला, तुमच्या सहीसकट. काम मिळालं तर बघू." या धंद्यातल्या जुन्या माणसांना हे 'बघू' ओळखीचं आहे. गुण मिळवायला एकाचा सीव्ही, आणि काम मिळालं की काहीतरी कारण दाखवून त्या जागी कमी पगारात येणारा दुसरा. असं बदलायला अटी आहेत, पैसेही कापले जातात, तरी चालतं. म्हणजे मी पाच महिने वाट पाहत होतो ती नोकरी माझ्यासाठी नव्हतीच. माझा उपयोग टेंडरच्या पाकिटापुरता होता.

आणि भीती वेगळीच. सीव्हीत खोटं सापडलं तर कंपनी हात वर करते: आम्हाला उमेदवाराने सही करून दिलं. बंदी त्या माणसावरही येते. आणि पकडायला काही अवघड नसतं. पीएफच्या पासबुकात कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्याचे पैसे भरले ते दिसतं. पीएफ नसेल, आमच्यातल्या पुष्कळांना फी म्हणून पैसे मिळतात, तर आयकराच्या फॉर्म २६एएसमध्ये टीडीएस कोणी कापला ते दिसतं. माझ्या सोलापूरच्या त्या चौदा महिन्यांचा टीडीएस तिथे नावानिशी बसलेला होता. मी समृद्धीवर असल्याचं दाखवणारा एक कागद जगात नव्हता.

मग एक आठवडा नुसता निस्तरण्यात गेला. प्रोफाइलमधला ईमेल त्याने स्वतःचा घातला होता. आधारचा मोबाइल नंबर माझ्याकडेच होता, म्हणून लॉगिन परत मिळालं. आधी ते बावीस महिने काढले. मग त्या कंपनीला रजिस्टर्ड एडीने आणि ईमेलने कळवलं की या प्रकल्पासाठी मी संमती दिलेली नाही, कोऱ्या अंडरटेकिंगवरच्या माझ्या सह्या वापरू नयेत, माझं नाव टीममधून मोकळं करावं. त्याची प्रत पोर्टलच्या हेल्पडेस्कला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन चार महिने झाले होते आणि ते मीच पाठवले होते. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "तुम्ही एवढे शिकलेले, ओटीपी कसा दिला?" त्याला उत्तर नव्हतं. अठ्ठावीस हजार गेले. नाव मोकळं व्हायला पुढे सात आठवडे लागले आणि तोवर पुण्याची जागा भरली.

आता सीव्ही मीच लिहितो. त्या माणसाने शिकवलेलंच वापरतो, हे कबूल करायला हवं. प्रत्येक कामाला लांबी, पदर, क्लायंट, पद, महिन्यापासून महिन्यापर्यंत. पण आधी एक्सपिरियन्स सर्टिफिकेट टेबलावर मांडतो आणि त्यातल्या तारखा बघून लिहितो. दोन कामांच्या मध्ये रिकामे महिने असतील तर ते रिकामेच दाखवतो. जिथे सर्टिफिकेटवर 'असिस्टंट' आहे तिथे मीही असिस्टंट. वर्षं कमी पडली तर त्या पदासाठी अर्ज करत नाही, एक पायरी खालच्या पदाला करतो. सध्या तसाच एका राज्यमार्गाच्या कामावर आहे, पगार आधीपेक्षा कमी. अंडरटेकिंगवर प्रकल्पाचं नाव, पद आणि तारीख आधी माझ्या हाताने लिहितो, मग सही, आणि कोऱ्या उरलेल्या जागेवर आडवी रेघ. एचआरवाले कधी वैतागतात. वैतागू देत.

गेल्या रविवारी ग्रुपवर पुन्हा मेसेज होता. नंबर नवा, फोटो तोच, 'गॅरंटीड'चं चुकलेलं स्पेलिंगही तेच. खाली दोघांनी 'इंटरेस्टेड सर' लिहिलेलं. दोघांनाही फोन लावला. एकाने सीव्हीही पाठवला नव्हता. दुसरा म्हणाला, "दादा, सकाळीच ओटीपी दिला हो." त्याला तसंच फोनवर ठेवलं आणि पासवर्ड बदलायला लावला. कागद मात्र त्याने आधीच कुरिअरला टाकले होते.