पुढची रोमान्स निवडताना आधी बघा, घोडं कुठे अडलंय

रोमान्स वाचणाऱ्या दोघी-तिघी बोलायला लागल्या की "अलीकडे काय वाचलंस?" हे येतंच, आणि गेली काही वर्षं उत्तरंही ठरावीकच येतात. एमिली हेन्रीची 'बुक लव्हर्स' (२०२२), अली हेझलवूडची 'द लव्ह हायपोथेसिस' (२०२१), रेबेका यारोसची 'फोर्थ विंग' (२०२३). ऐतिहासिक रोमान्सवाली कुणी असेल तर ईव्ही डनमोरची 'ब्रिंगिंग डाउन द ड्यूक' (२०१९). चारही इंग्रजीत, चारहींचा चाहतावर्ग कट्टर. तरी एकीने रात्र जागून संपवलेलं पुस्तक दुसरी पन्नासाव्या पानावर मिटते आणि "मला नाही बाई झेपलं" म्हणून मोकळी होते.

याचं कारण मला तरी ट्रोपमध्ये, म्हणजे कथेच्या ठरलेल्या साच्यात, सापडत नाही. 'एनिमीज टू लव्हर्स' (आधी वैर, मग प्रेम) हे लेबल यातल्या निदान दोन पुस्तकांना सहज लागतं, आणि त्या दोघींत साम्य जवळपास शून्य. पामेला रेजिस यांनी २००३च्या त्यांच्या अभ्यासग्रंथात रोमान्स कादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत. भेट, आकर्षण, कबुली वगैरे त्यात आहेतच, पण सगळं ज्यावर उभं असतं तो घटक म्हणजे अडसर: या दोघांनी पहिल्या वीस पानांत एकमेकांना हो का म्हणू नये? हे कारण पटलं तर बाकी सगळं पटतं. नाही पटलं तर नायक कितीही देखणा असो, वाचणारी घड्याळाकडे बघायला लागते. म्हणून ही चार पुस्तकं मी त्या एका प्रश्नावर शेजारी शेजारी ठेवते आहे. शेवट कुठलाच फोडणार नाही.

मनातला अडसर: 'बुक लव्हर्स' आणि 'द लव्ह हायपोथेसिस'

दोन्ही आजच्या काळातल्या, दोन्हींच्या नायिका कामात बुडालेल्या, दोन्हींचे नायक वरकरणी फटकळ. दुरून एकसारख्याच दिसतात, आणि निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

'बुक लव्हर्स'ची नोरा स्टीफन्स न्यू यॉर्कमधली साहित्यिक एजंट. तिचे प्रियकर कामानिमित्त छोट्या गावी जातात, तिथल्या कुणा गोड मुलीच्या प्रेमात पडतात आणि नोराला फोनवरून निरोप देतात. म्हणजे एरवीच्या रोमान्समध्ये दुसऱ्या प्रकरणात जिला सोडून दिलं जातं, ती थंड, महत्त्वाकांक्षी शहरी मैत्रीण इथे नायिका आहे. ही एकच कल्पना पुस्तकाला अर्ध्याहून पुढे ओढून नेते. तिची गरोदर बहीण लिबी तिला महिनाभरासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या सनशाइन फॉल्सला घेऊन जाते. तिथे भेटतो चार्ली लास्ट्रा हा संपादक. नोराच्या लेखिकेचं पुस्तक त्याने दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर धुडकावून लावलेलं असतं.

पुस्तकातला माझा आवडता भाग चुंबनाचा नाही. डस्टी नावाच्या त्या लेखिकेचं नवं हस्तलिखित येतं. नायिका आहे एक निर्दय एजंट, आणि पानं उलटताना नोराच्या लक्षात येतं की ही आपल्यावरच बेतली आहे. ते हस्तलिखित तिला चार्लीबरोबर बसून संपादित करायचं असतं. स्वतःबद्दलची जगाची समजूत समासात टिपणं करत वाचायची, आणि समोर बसलेला माणूसही तेच वाचतो आहे. या प्रसंगांत दोघं जेवढे जवळ येतात तेवढे पुढच्या शय्याप्रसंगांतही येत नाहीत.

इथला अडसर गैरसमजाचा नाही. दोघं मोठी माणसं आहेत, काय वाटतं ते बऱ्यापैकी स्पष्ट बोलतात. अडतं ते जबाबदारीपाशी. आई गेल्यावर नोराने बहिणीला वाढवलं, ती सवय तिला सुटत नाही. चार्लीलाही घरचं ओझं आहे. कुणी कुणासाठी काय सोडायचं, आणि ते मागण्याचा हक्क कुणाला, हा खरा प्रश्न. पुस्तकाचा बराच भाग बहिणींच्या नात्याला दिलेला आहे, हे आधी माहीत असलेलं बरं. निव्वळ जोडीसाठी वाचणाऱ्यांना मधली शंभरेक पानं लांबल्यासारखी वाटतात. मला तोच भाग सर्वांत सकस वाटला, पण ही आवडीची गोष्ट आहे.

'द लव्ह हायपोथेसिस'चं वळण वेगळं. ऑलिव्ह स्मिथ स्टॅनफर्डमध्ये जीवशास्त्रात पीएचडी करते. आपलं जुनं आकर्षण संपलं हे मैत्रिणीला पटवायला ती रात्री प्रयोगशाळेबाहेर दिसेल त्या पहिल्या पुरुषाचं चुंबन घेते, आणि तो निघतो अ‍ॅडम कार्लसन, विद्यार्थ्यांना रडवण्यासाठी प्रसिद्ध असलेला प्राध्यापक. त्याचाही स्वार्थ असतो. हा विद्यापीठ सोडून जाईल या संशयाने त्याचा संशोधननिधी अडकवलेला असतो, आणि इथे नातं जुळलं असं दिसलं तर त्याचा फायदा होणार असतो. मग ठरतं खोटं डेटिंग: आठवड्यातून एकदा, सगळ्यांना दिसेल अशी कॉफी.

हेझलवूड स्वतः मज्जाविज्ञानातली पीएचडी, त्यामुळे निधी, परिषदा, पोस्टर, मार्गदर्शकाच्या ईमेलची वाट बघणं हे सगळं खरं वाटतं. पुस्तकाचा जन्म मात्र फॅन फिक्शनमध्ये (चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांत), 'स्टार वॉर्स'च्या रे आणि कायलो रेनच्या जोडीवरून झालेला, आणि त्याचा गुण-दोष दोन्ही उतरले आहेत. गुण म्हणजे प्रसंगांची ठेवण. व्याख्यानाला जागा नाही म्हणून मैत्रीण तिला अ‍ॅडमच्या मांडीवर बसवते. सहलीत त्याला सनस्क्रीन लावायला भाग पाडते. रचलेले प्रसंग आहेत हे कळतं, आणि तरी ओठांवर हसू येतं. दोष म्हणजे अडसर. ऑलिव्हने एका वाक्यात खरं सांगितलं असतं तर निम्मं पुस्तक झालंच नसतं. तिच्या न सांगण्यामागे भीती आहे, ती समजते, पण पुन्हा पुन्हा ताणली जाते. 'बोला ना सरळ!' असं पुस्तकावर ओरडणाऱ्या वाचकांपैकी तुम्ही असाल तर हे घेऊ नका. कामाच्या ठिकाणच्या छळाचाही एक प्रसंग आहे, विनोदी मुखपृष्ठावरून त्याची कल्पना येत नाही.

या दोन्हींत निवड सोपी आहे. दमून आला आहात, हसायचं आहे, तर 'हायपोथेसिस'. संवादांची धार हवी आहे, आणि दोन शहाणी माणसं शहाणपणानेच अडलेली बघायची आहेत, तर 'बुक लव्हर्स'.

कायद्याचा अडसर: 'ब्रिंगिंग डाउन द ड्यूक'

साल १८७९. ऑक्सफर्डमध्ये मुलींसाठीच्या पहिल्या दोन निवासी शिक्षणसंस्था, लेडी मार्गरेट हॉल आणि सॉमरव्हिल, याच वर्षी उघडल्या. पदवी मिळायला मात्र १९२० उजाडलं. अ‍ॅनाबेल आर्चर ही पाद्र्याची मुलगी, चुलतभावाच्या घरी फुकट राबणारी. तिला शिष्यवृत्ती मिळते ती स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्त्यांकडून, आणि बदल्यात वजनदार पुरुषांना चळवळीकडे वळवायचं काम येतं. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये ती हातातलं पत्रक ज्याच्यापुढे धरते तो नेमका माँटगोमरीचा ड्यूक निघतो, टोरी पक्षाची निवडणूक सांभाळणारा.

ऐतिहासिक रोमान्स म्हणजे झगे आणि नृत्यं, असं समजून ज्या लांब राहतात त्यांच्यासाठी हे पुस्तक चांगलं दार आहे, कारण इथला अडसर कुणाच्या स्वभावात नाही, कायद्यात आहे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न केलं की बाईच्या मालमत्तेवरचा ताबा बहुतांशी नवऱ्याकडे जाई. १८७०च्या कायद्याने कमाई तिच्याकडे राहू लागली, पण मालमत्तेचा खरा हक्क १८८२च्या कायद्याने आला. अशा काळात प्रेमात पडणं म्हणजे नायिकेसाठी फक्त हृदयाचा मामला उरत नाही. शिवाय ड्यूकने पाद्र्याच्या मुलीशी लग्न करायचं नसतं, फार तर तिला ठेवून घ्यायचं असतं. हा प्रस्ताव येतो तेव्हा आपल्याला नायकाचा राग येतो, आणि यायलाच हवा. लेखिका त्याला त्या रागातून सहज सुटू देत नाही.

उणीव सांगायची तर उत्तरार्धात गाठी जरा भराभर सुटतात. एवढा भक्कम अडसर उभा केल्यावर तो पाडायलाही तेवढाच वेळ द्यायला हवा होता.

युद्धाचा अडसर: 'फोर्थ विंग'

रोमँटसी, म्हणजे रोमान्स आणि फँटसीची भेळ, घराघरांत नेणाऱ्या पुस्तकांपैकी हे एक. व्हायलेट सोरेनगेलला व्हायचं असतं लेखनिक, जनरल असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या तुकडीत ढकलते. सांधे निखळणारं शरीर, आणि समोर वाऱ्या-पावसात ओलांडायचा अरुंद दगडी कठडा. पाय घसरला की संपलं. त्या रांगेत नुकत्याच ओळख झालेल्या मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत आहेत हे व्हायलेटला दिसतं, आणि ती आपला एक बूट काढून तिच्याशी बदलते. दोघींच्या पायांत एकेक घसरता बूट. नायिका कोण आहे हे सांगायला लेखिकेला एवढं पुरतं. कथानकातल्या अनेक मोठमोठ्या धमाक्यांपेक्षा मला हा बूट जास्त लक्षात राहिला.

नायक झेडन रायरसन हा बंडखोर नेत्याचा मुलगा. त्याच्या बापाला मारणारी व्हायलेटची आई. म्हणजे वैर खरंखुरं, रक्ताचं. पुढे दोघांचे ड्रॅगन एकमेकांचे जोडीदार निघतात, त्यामुळे स्वारांना फार दिवस दूर राहताच येत नाही. खोलीत एकच पलंग असण्याच्या जुन्या युक्तीला याहून दिमाखदार पर्याय मी तरी वाचलेला नाही.

पण हे घेण्याआधी तीन गोष्टी. पहिली: माणसं मरतात, भरपूर आणि अचानक. दुसरी: पुस्तक पाचशेच्या आसपास पानांचं आहे, आणि प्रेमाला वेग येतो तो बऱ्याच उशिरा. तोवर प्रशिक्षण, स्पर्धा, राजकारण. भाषा साधी, कधीकधी फारच साधी. तिसरी सर्वांत महत्त्वाची: ही पाच पुस्तकांची योजलेली मालिका आहे. 'आयर्न फ्लेम' २०२३च्या नोव्हेंबरात आलं, 'ऑनिक्स स्टॉर्म' २०२५च्या जानेवारीत. पहिलं पुस्तक अशा जागी सोडून देतं की दुसरं हाताशी नसेल तर चिडचिड होईल.

रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेची व्याख्या बघितली तर रोमान्सला दोनच अटी: प्रेमकथा मध्यवर्ती हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. बाकीची तिन्ही पुस्तकं हे वचन आपल्याच मुखपृष्ठांच्या आत पाळतात. 'फोर्थ विंग' ते पुढच्या पुस्तकांवर ढकलतं. 'एचईए'साठीच, म्हणजे 'हॅपिली एव्हर आफ्टर' अशा सुखान्तासाठीच, रोमान्स वाचणाऱ्यांनी मालिका पूर्ण होईपर्यंत थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जगात हरवायला आवडतं त्यांनी आजच सुरू करावं.

कोण सांगतंय, आणि किती दाखवतंय

शिफारस करताना हे सहसा कुणी सांगत नाही, पण पुस्तक मिटण्याचं हे नेहमीचं कारण. 'बुक लव्हर्स' नोरा स्वतः सांगते. 'फोर्थ विंग' जवळजवळ सगळं व्हायलेटच्या तोंडून, वर्तमानकाळात, अगदी शेवटी झेडनचा आवाज. 'हायपोथेसिस' तृतीयपुरुषी, पण ऑलिव्हच्याच डोक्यातून. या तिन्हींत नायकाच्या मनात काय चाललंय ते आपण ताडत राहतो, आणि ज्यांना ताडण्यात मजा येते त्यांच्यासाठी ते सुख आहे. डनमोर मात्र दोघांच्याही मनात शिरते. तो तिच्यावर भाळलाय हे आपल्याला आधीच कळतं, मग ताण उरतो तो 'आता करणार काय' याचा. मला दुसरा प्रकार जास्त भावतो, कारण त्यात नायकाला गूढ दिसण्याची सवलत नसते.

स्पाइसचं, म्हणजे शय्याप्रसंग किती उघडपणे येतात त्याचं म्हणाल, तर 'क्लोज्ड डोअर' (दार लोटून पुढचं न दाखवणारं) यातलं एकही नाही. 'हायपोथेसिस'मध्ये बराच काळ काही नाही आणि मग उत्तरार्धात एकदम सविस्तर. 'फोर्थ विंग'मध्येही उशिरा, पण जोरात. उरलेल्या दोन मधल्या आचेवर.

आणि चारहींपैकी काहीच पटलं नाही तर अ‍ॅबी हिमेनेझची 'जस्ट फॉर द समर' (२०२४) बघा. जस्टिन आणि एमा, दोघांनाही एकच शाप: यांच्याशी फाटलं की समोरच्याला लगेच खरा जोडीदार मिळतो. म्हणून दोघं ठरवून एकमेकांशी डेटिंग करून ठरवून वेगळे व्हायला निघतात. कल्पना फुसकी वाटते. आतमध्ये मात्र भावंडांची जबाबदारी एकाएकी अंगावर पडलेला मुलगा आहे, आणि आईने वारंवार सोडून दिलेली मुलगी. दोघं आळीपाळीने बोलतात, अडसर पूर्णपणे तिच्या बालपणातून येतो, आणि एका मालिकेतलं तिसरं असूनही स्वतंत्रपणे वाचता येतं. 'बुक लव्हर्स'मधल्या बहिणी ज्यांना भावल्या त्यांनी यापासूनच सुरुवात केली तरी चालेल, फक्त आईबरोबरचे प्रसंग जड आहेत, झोपण्याआधी ते नको.